एएव्हीचा टायटर डिजिटल पीसीआरवर: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काम असे आहे. एएव्ही व्हेक्टरच्या (पेशीत जीन वाहून नेणारा विषाणू) प्रत्येक बॅचचा टायटर, म्हणजे मिलीलिटरमागे किती व्हेक्टर जीनोम, आजवर आम्ही क्यूपीसीआरवर काढत आलो. तो आता डिजिटल पीसीआरवर न्यायचा. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत नेणे. डिजिटलमध्ये नमुना हजारो बारीक थेंबांत वाटतात, आणि ज्या थेंबात तो तुकडा आहे तो थेंब उजळतो. त्याच यंत्रावर जीनोम अखंड आहे की तुटका, आणि नको असलेला डीएनए किती शिरला आहे, याही चाचण्या बसवायच्या. मुदत दोन महिने. माणसे दोन: मी, आणि डिसेंबरात रुजू झालेला एक मुलगा.

कारण इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. क्यूपीसीआर आकडा स्वतः काढत नाही, स्टँडर्ड कर्व्हशी (ठाऊक प्रमाणाच्या नमुन्यांच्या आलेखाशी) ताडून सांगतो. आमचा कर्व्ह प्लाझ्मिडचा, म्हणजे जिवाणूंत वाढवलेल्या वर्तुळाकार डीएनएचा. मागच्या वर्षी एकाच बॅचचा आकडा पीळदार, वर्तुळाकार प्लाझ्मिडवर ३.४ई१३ आला, तेच प्लाझ्मिड एन्झाइमने कापून सरळ केले तर १.९ई१३. (या नोंदींत ई१३ म्हणजे गुणिले १० चा तेरावा घात. वर लिहायचे छोटे अंक माझ्या अक्षरात मलाच वाचता येत नाहीत.) पीळदार प्लाझ्मिडचे धागे चटकन सुटत नाहीत, सुरुवातीच्या सायकलींत प्रायमरला, म्हणजे जिथून कॉपी सुरू होते त्या छोट्या तुकड्याला, बसायला जागा मिळत नाही. स्टँडर्ड उशिरा वर येतो आणि त्याच्याशेजारी नमुना उगाच श्रीमंत दिसतो. बाटली तीच, व्हेक्टर तोच.

हा घोळ कागदापुरता राहत नाही. झोल्गेन्स्मा हे बाळांना शिरेतून द्यायचे एएव्हीवरचे जीन-औषध. त्याच्या पहिल्या चाचणीत वरच्या गटाचा डोस वजनाच्या किलोमागे २.०ई१४ असा प्रसिद्ध झाला होता. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा शिफारशीचा डोस होता १.१ई१४. माहितीपत्रकात सरळ म्हटले आहे की त्या जुन्या गटाला प्रत्यक्षात अंदाजे १.१ ते १.४ई१४ मिळाले असावे, कारण मध्यंतरी मोजण्याची पद्धत बदलली आणि साठवणीत द्रव्याची तीव्रता थोडी घटलीही होती. बाळांच्या शिरेत जे गेले ते केव्हाच गेले होते. त्याचा आकडा मागाहून बदलला.

७ जानेवारी

टार्गेट, म्हणजे जीनोमवर मोजायच्या जागा, ठरवली. आमचा व्हेक्टर एएव्ही-८, एकपदरी, दोन्ही आयटीआर (जीनोमच्या दोन टोकांचे तुकडे) धरून सुमारे ४.५ किलोबेस. निसर्गातल्या एएव्हीचा जीनोम ४.७ किलोबेसच्या आसपास असतो, म्हणजे आमची पेटी जवळजवळ काठोकाठ. पाच-प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाकडे सीएमव्ही एन्हान्सर (जीनचे काम वाढवणारा भाग), तीन-प्राइम, म्हणजे शेवटच्या, टोकाकडे बीजीएच पॉलीए (जीनचा शेवट सांगणारा भाग). टार्गेट सापडले की चमकणारे प्रोब दोन: सीएमव्हीच्या प्रोबला फॅम हा रंग, पॉलीएच्या प्रोबला हेक्स. दोन्ही ॲम्प्लिकॉन (कॉपी होणारे तुकडे) शंभर बेसच्या आत.

आयटीआरवरच प्रायमर बसवा म्हणजे प्रत्येक नव्या व्हेक्टरसाठी वेगळी चाचणी नको, अशी सूचना बैठकीत आली. मोह होतो, पण नको. तो १४५ बेसचा तुकडा स्वतःवरच दुमडून टी-आकाराची गाठ घालतो, त्यात जीसी भरपूर. कॉपी करणारे एन्झाइम, पॉलिमरेज, तिथे अडखळते. शिवाय जीनोमला आयटीआर दोन. अखंड जीनोम एका थेंबात गेला तर एकच थेंब उजळेल, ठीक. पण मधेच तुटलेल्या जीनोमचे दोन तुकडे दोन थेंबांत गेले की एकाचे दोन मोजले जातील. तुटके किती हेच ठाऊक नसताना त्यावर टायटर उभा करायचा नाही.

ॲनीलिंगचे, म्हणजे प्रायमर चिकटण्याचे, तापमान ५५ ते ६५ अंश असे चढते लावून पाहिले. ५९ ला उजळ आणि काळे थेंब सर्वांत स्वच्छ वेगळे पडले. ६३ च्या पुढे दोन्ही पट्ट्यांच्या मधे थेंबांची रिमझिम सुरू होते. इंग्रजीतही त्याला पाऊसच म्हणतात, आणि थ्रेशोल्डची (उजळ कोण, काळा कोण ते ठरवणारी) रेघ पावसात कुठे मारावी यावर जितकी डोकी तितकी मते. तेव्हा ५९.

१२ जानेवारी

डीएनेझची, म्हणजे डीएनए खाणाऱ्या एन्झाइमची, पायरी. कॅप्सिडबाहेर (विषाणूच्या प्रथिनांच्या कवचाबाहेर) तरंगणारा डीएनए, मुख्यतः उरलेले प्लाझ्मिड, आधी खाऊन टाकायचा आणि मगच कॅप्सिड उघडायचे. नाहीतर प्लाझ्मिडवरची सीएमव्हीसुद्धा व्हेक्टर म्हणून मोजली जाते.

चाचणी साधी: व्हेक्टर नसलेल्या बफरमध्ये आपले प्लाझ्मिड मुद्दाम घालायचे, डीएनेझ चालवायचे, काय उरते ते मोजायचे. उरले तीन टक्के! फार झाले. दुपारभर एन्झाइमच्या लॉटवर संशय घेतला. दोषी निघाला बफर. फॉर्म्युलेशनमध्ये मीठ आहे आणि मिठात डीएनेझ-१ मंदावते. नमुना आधी डीएनेझच्या बफरमध्ये दहापट पातळ केला, मग तेच एन्झाइम, तोच वेळ, उरले ०.०१ टक्क्याहून कमी.

दुसरी गोष्ट यापेक्षा धोक्याची, कारण ती दिसत नाही. डीएनेझ मारण्यासाठी ७५ अंशांवर १० मिनिटे ठेवा, असे आमच्या जुन्या कार्यपद्धतीत आहे. एएव्ही-८ चे कॅप्सिड ७० च्या थोडे वर उकलू लागते. एएव्ही-२ त्याहून आधी, एएव्ही-५ मात्र ९० च्या जवळपास टिकून राहते. म्हणजे आमच्या व्हेक्टरबाबत एन्झाइम मरायच्या आधीच दार उघडण्याची शक्यता. चोराला घरात कोंडून मग कुलूप लावण्यासारखे. आता क्रम बदलला: आधी ईडीटीए घालून मॅग्नेशियम-कॅल्शियम काढून घ्यायचे, एन्झाइम लुळे पडले की मग उष्णता. ईडीटीए पुढच्या डायल्यूशनमध्ये इतका विरतो की पीसीआरला त्रास देत नाही, तेही तपासले.

१६ जानेवारी

आज फक्त डायल्यूशन. कोटीच्या पटीत पातळ करायचे म्हणजे दहा-दहापटीच्या सात पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला व्हेक्टर ट्यूबच्या भिंतीला चिकटतो. साध्या बफरमध्ये चौथ्या पायरीनंतर आकडे दहापट न घटता तेरापट-चौदापट घटत गेले. बफरमध्ये ०.०५ टक्के प्लुरॉनिक एफ-६८ आणि थोडा सामन माशाच्या शुक्राणूंचा तुकडे केलेला डीएनए घातला, ट्यूब लो-बाइंड घेतल्या. रेघ सरळ झाली.

२१ जानेवारी

पहिला खरा नमुना. तीच बाटली, दोघांनी स्वतंत्र.

मी: १.०८ई१३. तो: २.०३ई१३.

प्रत्येकाच्या तीनही ट्यूब आपापसांत पाच टक्क्यांच्या आत जुळतात. म्हणजे हातचूक नाही, दोघेही ठामपणे वेगवेगळे.

त्याचा आकडा फुगला आहे असे मी गृहीत धरले. नवा हात, कुठेतरी प्लाझ्मिड सांडले असणार किंवा डीएनेझ नीट चालले नसणार. त्याला म्हटले, "उद्या पुन्हा कर, माझ्यासमोर." तो म्हणाला, "चालेल मॅडम. तुम्हीपण करता का, माझ्यासमोर?" हसून म्हणाला, पण म्हणाला.

२३ जानेवारी

समोरासमोर केले. पुन्हा तेच. मी १.०५, तो २.०६. पिपेट बदलून घेतल्या, एकमेकांची डायल्यूशन बफर वापरली, प्लेटवर जागा अदलाबदल केल्या. फरक हटेना. त्याच्या कोऱ्या नमुन्यांत एकही उजळ थेंब नाही, त्यामुळे प्लाझ्मिड सांडल्याचा माझा सिद्धांत गेला. डीएनेझवाला माझा दुसरा सिद्धांत त्याचे प्लाझ्मिडचे नियंत्रण माझ्यापेक्षा स्वच्छ आल्यामुळे गेला.

एक खटकते आहे. फरक कसाही असता तर वेगळे. हा जवळजवळ नेमका निम्मा आहे. पिपेट निम्मी चुकत नाही.

२४ जानेवारी

सापडले, आणि चूक माझी.

दोघांच्या कृतीत एकच फरक होता, आणि तो कार्यपद्धतीत लिहिलेला नसल्यामुळे दोघांनाही फरक वाटला नव्हता. प्रोटिनेज-के (प्रथिने पचवणारे एन्झाइम) झाल्यावर ट्यूब ९५ अंशांवर जाते. मी वर्षानुवर्षांच्या सवयीने ती यंत्रातच राहू देते. यंत्र सावकाश ४ अंशांवर उतरते, मी जेवून येते, मग पातळ करते. त्याला धीर नाही. तो ९५ वरून ट्यूब उचलून सरळ बर्फात खुपसतो आणि लगेच हजारपट पातळ करतो.

एएव्हीच्या एका कॅप्सिडमध्ये डीएनएचा एकच धागा असतो, कधी अधिक (प्लस), कधी त्याचा पूरक उणा (मायनस), आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात भरले जातात. कॅप्सिडमध्ये असेपर्यंत ते एकमेकांना भेटत नाहीत. उघडल्यावर मात्र एका मायक्रोलिटरमध्ये अब्जाहून अधिक धागे आणि प्रत्येकाचा जोडीदार शेजारी. सावकाश थंड केले की जोड्या जमतात. मग दोन कॅप्सिडमधले दोन जीनोम एक दुपदरी रेणू बनून एकाच थेंबात जातात आणि यंत्र त्यांना एक मोजते. यंत्राचे काही चुकत नाही. रेणू खरेच एक आहे. दोनाचा एक मी केला.

लगेच पडताळले, एकाच ट्यूबमधून. सावकाश थंड करून मग पातळ: १.०६ई१३. बर्फ आणि ताबडतोब पातळ: २.०१ई१३. मग पहिलीच, निम्मी भरलेली ट्यूब लाखपट पातळ झाल्यावर पुन्हा ९५ अंशांवर पाच मिनिटे ठेवून बर्फात टाकली: १.९६ई१३. गेलेले परत आले. इतक्या विरळ द्रवात सुटलेल्या धाग्याला जोडीदार सापडायला दिवस लागतील, म्हणून ते सुटेच राहतात. आणखी एक ट्यूब कॅप्सिड न उघडताच थेंबांत पाठवली. पीसीआरच्या सुरुवातीच्या ९५ अंशांच्या १० मिनिटांत कॅप्सिड थेंबाच्या आतच उघडते, तिथे जोडी जमायला दुसरे कोणी नसते. २.०८ई१३.

क्यूपीसीआरमध्ये हे मला कधी कळले नसते. तिथे प्रत्येक धागा पहिल्या सायकलीपासून कॉपी होतो, जोडीत असो की एकटा. म्हणजे सवय जुनी, पण तिचा फटका नव्या यंत्रावरच.

कार्यपद्धतीत नवी ओळ: ९५ अंशांनंतर ट्यूब थेट बर्फात, ३ मिनिटांच्या आत किमान हजारपट डायल्यूशन. आणि टायटरपुरते बोलायचे तर कॅप्सिड न उघडता थेंबांत पाठवण्याची वाटच बरी. त्याला सांगितले, तुझा आकडा बरोबर होता. "मॅडम, मला नुसती घाई होती," म्हणाला.

२९ जानेवारी

हिशेब एकदा हाताने करून पाहिला, सॉफ्टवेअर काय करते ते डोळ्यांखालून जावे म्हणून.

एका विहिरीत (प्लेटवरच्या एका खळग्यात) स्वीकारलेले थेंब १७,२४०. उजळ ६,०३४. म्हणजे ०.३५. उजळ थेंब म्हणजे एक रेणू, असे धरले तर ६,०३४ रेणू. पण काही थेंबांत दोन असतात, काहींत तीन, आणि उजळ थेंब आपल्यात किती आहेत ते सांगत नाही. खरे बोलतो तो काळा थेंब: माझ्यात एकही नाही. म्हणून मोजायचे काळ्यांवरून. काळ्यांचे प्रमाण ०.६५, त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह उलटे केले की थेंबामागे सरासरी ०.४३०८ रेणू. गुणिले १७,२४० म्हणजे ७,४२७. चौदाशेच्या आसपास रेणू दुसऱ्याच्या आड लपलेले होते. प्वासाँचे वितरण एवढेच करते, पण ते नसते तर हे यंत्र म्हणजे थेंब मोजायचा महागडा छंद.

पुढे: थेंबाचे आकारमान ०.८५ नॅनोलिटर, म्हणून रिॲक्शनमध्ये मायक्रोलिटरमागे ५०७. २२ मायक्रोलिटरच्या मिश्रणात ५.५ नमुना, म्हणजे गुणिले चार, २,०२७. डायल्यूशन कोटीपट. मिलीलिटरमागे २.०३ई१३.

या साखळीत स्टँडर्ड कर्व्ह कुठे नाही, म्हणून पद्धतीला निरपेक्ष म्हणतात. पण ०.८५ हा आकडा यंत्राने मोजलेला नाही, कोणीतरी आधी मोजून सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आहे. त्याजागी ०.९१ धरला तर माझा टायटर साडेसहा टक्क्यांनी खाली येतो. मास्टर मिक्स (पीसीआरचे तयार मिश्रण) बदलला की थेंबाचा आकार थोडा बदलतो. तेव्हा निरपेक्ष खरे, पण थेंबाच्या सापेक्ष. मास्टर मिक्सचा प्रकार कार्यपद्धतीत नावानिशी बांधून टाकला.

३ फेब्रुवारी

किती पातळ करावे याचा निकाल. थेंबामागे सरासरी १.६ रेणूंच्या आसपास, म्हणजे पाचांतले चार थेंब उजळ असताना, प्वासाँची चूक सर्वांत कमी असते. त्यापुढे काळे थेंब इतके थोडे उरतात की त्यांच्या चुकीची किंमत चढत जाते. सगळेच उजळले तर उत्तर नाहीच. आम्ही टायटरसाठी ०.१ ते १ च्या मधे राहायचे ठरवले. वर जागा मोकळी असू दे.

८ फेब्रुवारी

आता ज्याची मी वाट पाहत होते ते: दोन रंग एकत्र.

टायटर सांगतो की सीएमव्हीचा तुकडा इतक्या कॅप्सिडमध्ये आहे. त्याच्या मागे पुढचे चार हजार बेस आहेत की नाहीत, हे सांगत नाही. पेशीला मात्र प्रमोटरपासून पॉलीएपर्यंत सगळे हवे. म्हणून फॅम आणि हेक्स एकाच विहिरीत. जीनोम अखंड असेल तर दोन्ही टार्गेट एकाच थेंबात सापडतील. तुटका असेल तर एकटी.

इथे कॅप्सिड आधी उघडलेच पाहिजे. कॅप्सिडसकट थेंबात पाठवले तर आतले दोन तुकडेही एकाच थेंबात उतरतील आणि तुटका माल अखंड म्हणून खपेल. आणि जानेवारीचा धडा इथे आणखी कडक लागू होतो: अर्धवट अधिक धागा आणि अर्धवट उणा धागा मधल्या भागात जुळले तर त्या जोडीवर दोन्ही टोके असतात. दोन अपंग मिळून एक धडधाकट दिसतात. म्हणून बर्फ, ताबडतोब.

१८,००० थेंब. दोन्ही काळे १२,०६६. फक्त सीएमव्ही ७४६. फक्त पॉलीए १,१३६. दोन्ही उजळ ४,०५२.

त्या ४,०५२ पैकी काही निव्वळ योगायोग. सीएमव्ही २६.७ टक्के थेंबांत, पॉलीए २८.८ टक्के थेंबांत. एकमेकांशी काही नाते नसते तरी १,३८० च्या आसपास थेंबांत दोन्ही भेटलेच असते. त्यामुळे दोन्ही उजळ ते अखंड असा सरळ हिशेब चालत नाही. सूत्र पुन्हा काळ्यांवरूनच येते: दोन्ही काळ्यांचे प्रमाण भागिले सीएमव्ही नसलेल्यांचे प्रमाण आणि पॉलीए नसलेल्यांचे प्रमाण यांचा गुणाकार, आणि त्याचा नैसर्गिक लॉग. आले ०.२५. थेंबामागे जोडलेले रेणू ०.२५, एकटी सीएमव्ही ०.०६, एकटी पॉलीए ०.०९.

मग अखंड किती टक्के? ज्याला विचाराल तो वेगळे सांगेल. सीएमव्हीवाल्या रेणूंतले ८१ टक्के. पॉलीएवाल्यांतले ७३.५. सगळे रेणू धरले तर ६२.५. तिन्ही बरोबर. छेद न सांगता टक्के सांगणारा अहवाल इथून पुढे मी सही करून पाठवणार नाही.

११ फेब्रुवारी

आधी स्वतःवर संशय. तुटके जीनोम व्हेक्टरने आणले की आम्ही तोडले?

दोन्ही टार्गेट असलेले प्लाझ्मिड एका जागी कापून नियंत्रण म्हणून घेतले. न तापवता जोडलेले ९७ टक्के. आमच्या ९५ अंश, १० मिनिटांतून नेले तर ८८. म्हणजे तापवण्यानेच नऊ टक्के तुटले. उष्णतेत बेस गळतात, गळलेल्या जागी धागा मोडतो. दोन मिनिटांवर आणले तर ९५.

(मधेच गंमत: तापवल्यावर प्लाझ्मिडचा एकूण आकडा जवळजवळ दुप्पट झाला. मुलगा घाबरून आला. अरे, दुपदरी आहे ते, दोन धागे सुटले आणि दोन थेंबांत गेले. जानेवारीत माझे निम्मे झाले होते ना, त्याचीच उलटी बाजू.)

उघडण्याची वेळ २ मिनिटे केली. कॅप्सिड त्यात उघडते, आणि उरलेले प्रोटिनेज-के पुढच्या डायल्यूशनमध्ये विरून जाते. पीसीआरचे पहिले १० मिनिटांचे तापवणे मात्र तसेच ठेवले. तिथे धागा तुटला तरी दोन्ही तुकडे त्याच थेंबात कोंडलेले असतात, मोजणीला धक्का लागत नाही.

नव्या वेळेने व्हेक्टर: सीएमव्हीवाल्यांतले ८७ टक्के अखंड, पॉलीएवाल्यांतले ७९. सुधारले, पण सगळे आमचे पाप नव्हते. आणि एक आकडा हललाच नाही. पॉलीए भागिले सीएमव्ही आधीही १.१०, आताही १.१०. तापवण्याने मधे मोड आली तरी दोन्ही टोके मोजली जातातच, म्हणून हा अनुपात आमच्या हाताळणीने बदलत नाही. सीएमव्हीचे टोक नसलेले जीनोम कॅप्सिडमधूनच तसे बाहेर येत आहेत. अखंडतेच्या टक्क्यांपेक्षा माझा या साध्या भागाकारावर जास्त विश्वास बसला आहे. बॅचमागून बॅच हाच पाहायचा.

१७ फेब्रुवारी

नको असलेला डीएनए. ज्या प्लाझ्मिडपासून व्हेक्टर बनतो त्याच्या कण्यावरचा (व्हेक्टर जीनोमच्या बाहेरच्या भागावरचा) कॅनामायसिन-प्रतिरोधक जीन टार्गेट म्हणून घेतला. डीएनेझनंतरही व्हेक्टर जीनोमच्या ०.८ टक्के. हा बाहेर तरंगणारा नाही, कॅप्सिडच्या आत बसलेला. आयटीआरपासून भरण कधी उलट्या दिशेने सुरू होते आणि जीनोमऐवजी शेजारचा कणा आत जातो. डीएनेझ वाढवून तो जाणार नाही. प्लाझ्मिडची रचनाच बदलावी लागेल, आणि ते काम आमचे नाही.

कोऱ्या नमुन्यांत प्रत्येक वेळी दोन-तीन उजळ थेंब. दोन दिवस हूड पुसण्यात गेले. शेवटी लक्षात आले की पीसीआरची एन्झाइमे जिवाणूंतच तयार होतात, आणि ती बनवायला वापरलेल्या प्लाझ्मिडवर अनेकदा हाच प्रतिरोधक जीन असतो. घाण बाटलीतूनच येते. १२ कोऱ्या विहिरी लावून कोऱ्याची वरची मर्यादा ठरवली. त्याखालचे काही नोंदवायचे नाही.

ज्या मानवी पेशींत व्हेक्टर बनतो त्यांच्या डीएनएचे याहून अवघड. मर्यादा अमेरिकी औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनातली: डोसमागे १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी, तुकडे साधारण २०० बेसपेअरपेक्षा लहान. मानवी जीनोममध्ये दहा लाखांहून अधिक ठिकाणी असलेला ॲलू हा तुकडा पकडला तर चाचणी अतिशय संवेदनशील होते, इतकी की कोऱ्यात उजळणारा थेंब माझ्याच कातडीचा असू शकतो. आमच्या २९३ पेशींत ॲडेनोव्हायरसचा ई१ए आहे. तो कातडीत नाही. तोच घेतला. तुकड्यांच्या लांबीसाठी एकाच जागी तीन ॲम्प्लिकॉन, ७० पासून २५० बेसपर्यंत. लांबचा जितका कमी सापडेल तितके तुकडे लहान.

२४ फेब्रुवारी

पुनरावृत्ती पूर्ण: दोन जण, तीन दिवस, अठरा विहिरी. टायटरचा विचलन-गुणांक ४.१ टक्के. क्यूपीसीआरवर आमचा हाच आकडा वीसच्या पुढे असायचा. याविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही आणि तेच चांगले आहे.

भरलेले-रिकामे, म्हणजे किती कॅप्सिडमध्ये जीनोम आहे. एलायझा ही प्रतिपिंडांवरची चाचणी एकूण कॅप्सिड २.७ई१३ सांगते. २.०३ ला त्याने भागून ७५ टक्के भरलेले. अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा (अतिवेगाने फिरवून कॅप्सिड वेगळी पाडणाऱ्या यंत्राचा) अहवाल आला: ६४ भरलेले, १३ अर्धवट, २३ रिकामे. उत्पादनाच्या सरांनी विचारले, "कोण खोटं बोलतंय?" कोणीच नाही. आमच्या चाचणीला अर्धवट कॅप्सिडमधला सीएमव्हीचा तुकडाही पुरतो, म्हणून आमचे ७५ त्यांच्या ६४ आणि १३ च्या बेरजेशी ताडायचे. पण त्यावरही फार नाचायचे कारण नाही. एलायझाची चूक आणि आमची चूक भागाकारात एकत्र येतात, आणि एलायझाची मोठी आहे.

१ मार्च

नवी बॅच. पद्धत पक्की झाल्यावरची पहिलीच.

सीएमव्हीवर १.७०ई१३. पॉलीएवर २.२३ई१३. भागाकार १.३१.

पुन्हा केले, त्याने वेगळे, मी वेगळे, दोघांनी बर्फ वापरून. १.३० आणि १.३२. सीएमव्हीवाल्यांतले अखंड अजून ८६ टक्के, मागच्या बॅचसारखेच. पॉलीएवाल्यांतले ६६ वर घसरले. म्हणजे पाच-प्राइमकडचे टोक नसलेले जीनोम वाढले आहेत. जुन्या क्यूपीसीआरवर, फक्त पॉलीएच्या प्रायमरने, ही बॅच मागच्याइतकीच चांगली ठरली असती.

सरांचा फोन: "टायटर किती लिहू?" मी म्हटले, दोन्ही लिहा. "फॉर्मवर रकाना एकच आहे." मग सीएमव्ही लिहा, आणि शेरा म्हणून भागाकार.

त्यांच्याकडून कळले की या बॅचसाठी प्लाझ्मिडची नवी तयारी वापरली होती. जिवाणूंत वाढवताना आयटीआरचा काही भाग गळून पडणे ही जुनी तक्रार आहे. दोन्ही तयाऱ्यांच्या ट्यूब मागवल्या आहेत. उद्या आयटीआरमध्ये कापणाऱ्या स्मा-१ एन्झाइमने कापून जेलवर शेजारी-शेजारी चालवायच्या, सीएमव्हीकडचा आयटीआर जागेवर आहे का ते पाहायला. जेल तो ओतणार आहे.